बीडच्या घराशेतातले उंदीर: पिंजरा वर्षभर कसा लावावा, आणि कधी मुळीच लावू नये

ऑगस्ट १९९४. बीड जिल्ह्यातल्या मामला नावाच्या छोट्याशा गावातून आरोग्य खात्याकडे एक तक्रार गेली. घरांमध्ये पिसवा फार झाल्या आहेत आणि उंदीर मरून पडत आहेत. आज वाचताना ही तक्रार किरकोळ वाटेल. पण आपल्या पणजोबांच्या पिढीतल्या कुणाला 'उंदीर पडायला लागले' एवढे सांगितले असते, तरी त्याने पोराबाळांना घेऊन गाव सोडले असते आणि रानात झोपडी घातली असती. १८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात प्लेग सुरू झाला आणि पुढे तो महाराष्ट्रभर पसरला. त्या वर्षांत लोक नेमके हेच करत.

सप्टेंबरच्या मध्यापर्यंत मामला आणि आसपासच्या भागात अचानक ताप आणि जांघेत किंवा काखेत दुखरी गाठ, असे रुग्ण दिसू लागले. हा गाठीचा प्लेग होता. त्याआधी भारतात माणसाला प्लेग झाल्याची शेवटची खात्रीशीर नोंद १९६६ ची होती. म्हणजे जवळपास अठ्ठावीस वर्षे ज्याचे नावही कुणी घेतले नव्हते, तो रोग बीडच्या डोंगराळ भागात परत दिसला. त्यानंतर काही दिवसांतच सुरतमध्ये फुप्फुसाचा प्लेग उद्भवला आणि शहर ओस पडले. देशभर औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन संपले, परदेशी विमाने भारतात येईनाशी झाली. सुरतेत पन्नासच्या आसपास माणसे गेली. बीडमध्ये कुणी दगावले नाही, म्हणूनच कदाचित मामल्याचे नाव लोकांच्या लक्षात राहिले नाही. हा खरोखर प्लेगच होता का, यावर तेव्हा बराच वाद झाला. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००० साली जिवाणूंच्या जनुकांची तपासणी प्रसिद्ध केली आणि तो प्लेगचाच जिवाणू असल्याचे दाखवले.

पण मामलाच का?

त्याचे त्या वेळी मांडले गेलेले आणि आजही पटणारे कारण असे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. शेजारच्या बीड जिल्ह्यातही दगडमातीची घरे हादरली. पुढे कित्येक महिने धक्क्यांच्या भीतीने लोक घराबाहेर झोपत होते. माणसे बाहेर आणि धान्य आत. रिकाम्या घरात कणगीभर ज्वारी, ना कुणाची चाहूल, ना झाडलोट, ना मांजर. उंदरांना याहून चांगले दिवस कुठले? त्यांची संख्या वाढली आणि गावचे उंदीर रानातल्या उंदरांच्या संपर्कात आले. माळरानावर राहणाऱ्या, शेपटीच्या टोकाला काळा झुबका असलेल्या एका जातीच्या उंदराला प्लेगचा संसर्ग होतो, पण तो सहजासहजी मरत नाही. त्यामुळे माणसांत साथ नसतानाही रोग रानात तग धरून राहतो. घरातला काळा उंदीर मात्र या रोगाने पटापट मरतो. तो मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा माणसाकडे वळतात.

हे सगळे इतक्या वर्षांनी उकरून काढायचे कारण एवढेच की माणसे बाहेर आणि धान्य आत ही स्थिती बीडमध्ये भूकंपाशिवायही दरवर्षी येते. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि पाडव्याच्या मागेपुढे, कधी आणखी उशिरा, परततात. पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज या तालुक्यांतली कित्येक गावे तेवढे महिने अर्धी रिकामी असतात. घरात म्हातारी माणसे, एखादे शाळेचे पोर आणि वर्षाची बेगमी. याचा अर्थ दरवर्षी प्लेग येईल असा नाही, आणि तशी भीती घालायचीही नाही. पण परतल्यावर कुरतडलेली पोती, लेंड्या पडलेली ज्वारी आणि गोधडीत केलेले घरटे हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना उंदरांचा प्रश्न वेगळा समजावून सांगायला नको.

आधी कोण आहे ते ओळखा

'पिंजरा लावला, पण काही सापडत नाही' ही तक्रार घरोघरी असते. बहुतेक वेळा पिंजऱ्यात खोट नसते. तो भलत्याच ठिकाणी लावलेला असतो, कारण कुणासाठी लावतोय हेच पाहिलेले नसते.

घरातला काळा उंदीर चढणारा आहे. माळवदाच्या घरात तो लाकडी तुळयांवरून, सरांवरून, भिंत आणि छत यांच्या सांध्यातून फिरतो. पत्र्याच्या घरात आढ्यावरून आणि वायरींवरून. त्याच्यासाठी जमिनीवर मधोमध ठेवलेला पिंजरा म्हणजे न उतरलेल्या स्टेशनवरची हॉटेल. त्याचा पिंजरा वर, माळ्यावर, फळीवर किंवा तुळईला तारेने घट्ट बांधून लावायचा. हललेल्या पिंजऱ्यात उंदीर पाऊल टाकत नाही.

घूस खोदणारी आहे. बिळाच्या तोंडाशी उकरलेल्या मातीचा ढीग दिसला की ती घूस. गोठा, न्हाणीघराची मोरी, गटार, विहिरीचा काठ, शेताचा बांध, उसाचा फड ही तिची ठिकाणे. ती कणसे, शेंगा, दाणे बिळात साठवते. जुने शेतकरी घुशीचे बीळ खणून त्यातली ज्वारी काढत, ते यामुळेच. तिच्यासाठी साधा छोटा पिंजरा चालत नाही. जाड तारेचा मोठा पिंजरा लागतो, नाहीतर ती दार वाकवून जाते.

काळ्या रानात आणखी एक मऊ केसांचा लहान उंदीर असतो. तो फार खोल बीळ करत बसत नाही, जमिनीला पडलेल्या भेगांमध्येच राहतो. बीडच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात हात घुसेल अशा भेगा पडतात, त्यामुळे त्याच्या घराची सोय आपोआप होते.

आणि चिचुंद्री. टोकदार नाक, भिंतीला घासत जाणारी चाल, उग्र वास. ती उंदीर नव्हेच. ती झुरळे, किडे खाते. पिंजऱ्यात सापडली तर सोडून द्यावी. घुशीच्या मोठ्या पिंजऱ्यात कधी मुंगूस किंवा घोरपडही येते. दोघांनाही वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे आणि दोघेही उंदीर खातात, तेव्हा त्यांना तिथल्या तिथे मोकळे करणे कायद्याच्या आणि आपल्याही फायद्याचे.

नव्या वस्तूची भीती

उंदरांना मामा म्हणतो ते उगाच नाही. मामा सावध असतो. ओळखीच्या वाटेवर एखादी नवी वस्तू दिसली की उंदीर तिला दोन-चार दिवस टाळतो. मिशा आणि अंग भिंतीला लागेल अशा बेताने तो चालतो, रोज तीच वाट. त्या वाटेवर भिंतीला तेलकट काळसर पट्टा उमटतो. अंधारात बॅटरी तिरकी धरली की तो पट्टा आणि लेंड्या चांगल्या दिसतात.

म्हणून पहिल्या रात्री पिंजरा लावून सकाळी निराश होण्यापेक्षा पहिले दोन-तीन दिवस पिंजऱ्याचे दार उघडेच बांधून ठेवावे. आत खाणे ठेवावे आणि खाऊ द्यावे. खाणे संपायला लागले म्हणजे भीती गेली. मग दार मोकळे करून पिंजरा खरा लावायचा. हा एकच बदल केला तरी फरक दिसतो. पिंजरा भिंतीला लागून, तोंड उंदराच्या वाटेकडे. लाकडी फळीचा चाप असेल तर तो भिंतीशी काटकोनात ठेवावा आणि आमिषाची बाजू भिंतीकडे करावी, म्हणजे दोन्ही बाजूंनी येणारा उंदीर त्यावर येतो.

पिंजरे किती? लोक एक पिंजरा महिनाभर लावून ठेवतात. त्यापेक्षा दहा पिंजरे तीन रात्री हे जास्त कामाचे. एक पिंजरा असताना एक उंदीर सापडतो, बाकीचे ते पाहतात आणि शहाणे होतात. एका घरात दहा पिंजरे कुठून येणार हा प्रश्न बरोबर आहे. त्याचे उत्तर शेजाऱ्यांकडे आहे. वाड्यातली किंवा गल्लीतली चार घरे मिळून पिंजरे गोळा करतात आणि तीन-तीन रात्री घरे बदलतात. तसेही एकाच घरातले उंदीर पकडून उपयोग नसतो. रिकामी झालेली जागा शेजारचे उंदीर आठ-पंधरा दिवसांत भरून काढतात.

जूनमधला एक, ऑक्टोबरमधले अठरा

आता मुख्य गोष्ट. पिंजरा वर्षभर लावता येतो, पण वर्षातली प्रत्येक रात्र सारख्या किमतीची नसते.

उंदीर आणि घुशी यांची गर्भधारणा साधारण तीन आठवड्यांची. एका वेतात सहा-आठ पिल्ले, आणि पिल्लू तीन महिन्यांच्या आसपास वयात येते. पाऊस पडला, हिरवे झाले, दाणे भरायला लागले की शेतातल्या उंदरांची वेते एकामागून एक सुरू होतात. सोपा हिशेब करू. एका मादीने पावसाळ्यात तीन वेते दिली आणि प्रत्येकी सहा पिल्ले जगली, तर अठरा. पिल्लांची पिल्ले धरलीच नाहीत. म्हणजे मृग नक्षत्राआधी जी एक मादी सापडते, तिच्या बदल्यात दिवाळीपर्यंत अठरा पकडावे लागतात. सगळी पिल्ले जगत नाहीत हे खरे, पण हिशेबाची दिशा बदलत नाही.

आणि नेमके उन्हाळ्याच्या शेवटी उंदीर सर्वांत कमी आणि सर्वांत भुकेले असतात. रब्बीची ज्वारी निघालेली, हरभरा निघालेला, रानात खायला काही नाही, पाणी तर नाहीच. भुकेला उंदीर भीती लवकर सोडतो. म्हणूनच मे ते जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सगळ्या गावाने मिळून उंदीर पकडावेत असे कृषी क्षेत्रातले जाणकार सांगत आले आहेत. आपण नेमके उलटे करतो. मे महिन्यात लग्नसराई असते आणि उंदीर दिसत नाहीत म्हणून कुणी पिंजरा काढत नाही. कार्तिकात कापसाच्या ढिगात आणि सोयाबीनच्या पोत्यांत ते धावायला लागले की मग बाजारात पिंजऱ्यांना आणि विषाला गिऱ्हाईक येते.

बीडचे वर्ष धरून पाहू.

मे-जून हा मोहिमेचा काळ. शेतात संध्याकाळी सगळ्या बिळांची तोंडे ओल्या मातीने बंद करावीत. सकाळी जी उघडलेली दिसतील ती जिवंत. पिंजरे, चाप फक्त त्यांच्याच तोंडाशी लावावेत. दोनशे बिळे दिसली तरी जिवंत बरीच कमी निघतात आणि मेहनत वाचते. या दिवसांत आमिषाला काकडी, कलिंगडाची साल, ओले खोबरे वापरून पाहावे. तहानलेल्या जिवाला कोरड्या भाकरीपेक्षा ओलसर खाणे ओढते. माजलगाव धरणाच्या आणि जायकवाडीच्या उजव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात, म्हणजे माजलगाव, गेवराईकडे, उन्हाळ्यातही उभा ऊस असतो. तिथे उंदरांचा दुष्काळ संपूर्ण नसतो. कोरड्या रानातून ते फडात गोळा होतात. त्यामुळे तिथले पिंजरे फडाच्या कडेला, बांधावर आणि चारीच्या काठावर.

जुलै-ऑगस्टमध्ये शेतात पिंजरा लावणे जिकिरीचे. चिखल, गवत, आणि खायला सगळीकडे हिरवे. या महिन्यांत घराकडे लक्ष द्यावे. बिळांत पाणी शिरले की घुशी गोठ्यात, मोरीत येतात. पाऊस आहे म्हणून अनवाणी, जखमेच्या पायाने त्या पाण्यात उतरू नये. उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पाण्यात येतात.

सप्टेंबर ते नोव्हेंबर हा उंदरांच्या सुगीचा काळ. मूग, उडीद, सोयाबीन, बाजरी, कापूस. जिकडे तिकडे दाणा असताना पिंजऱ्यातल्या भाकरीकडे कोण ढुंकून पाहणार? आमिष असे हवे की जे शिवारात नाही. तळलेले भजे, तेलात परतलेला भाकरीचा तुकडा, भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट, आणि चालत असेल त्यांच्या घरी सुकट किंवा बोंबील. वास लांब जातो हे महत्त्वाचे. आमिष पिंजऱ्यात नुसते टाकू नये, आकड्याला दोऱ्याने बांधावे, म्हणजे उंदराला ते ओढावे लागते आणि दार पडते.

ऊसतोडीला निघणाऱ्या घरांसाठी याच काळातले आठ दिवस मोलाचे. निघण्याच्या आधीच्या आठवड्यात घरातले उंदीर पकडून, मगच कुलूप. धान्य शक्य तेवढे पत्र्याच्या कोठीत, कोठी भिंतीपासून हातभर लांब आणि विटांवर उंच. दाराखालची फट पत्र्याच्या पट्टीने बंद. मोरीच्या तोंडाला जाळी. बोट घुसेल एवढ्या भोकातून लहान उंदीर आत येतो, तेव्हा फट 'लहानच आहे' म्हणून सोडू नये. कुलपाच्या आत पिंजरा लावून मात्र जाऊ नये. पाच महिने कुणी न पाहिलेल्या पिंजऱ्यात मेलेला उंदीर हा नवा त्रास. मागे राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना रोज पिंजरा पाहणे जमत असेल तरच.

डिसेंबर ते मार्च. थंडीत उंदीर घराच्या उबेला आणि कडब्याच्या गंजीत येतात. ज्वारी निघाली की गंजी रचल्या जातात आणि पुढच्या उन्हाळ्याचा मुक्काम तिथेच ठरतो. गंजीखाली दगड आणि लाकडे टाकून जमिनीपासून उंची ठेवली तर पिंजरा खाली सरकवता येतो. पण गंजीत हात घालताना आधी काठी, मग बॅटरी, मग हात. उंदरांच्या मागावर नाग आणि घोणस येतात. सकाळी पिंजरा काढायला गेलेल्या माणसाला तिथे साप भेटणे अगदी शक्य आहे.

पिंजरा कधी लावू नये

आता पुन्हा मामला. घरात किंवा गल्लीत विष घातलेले नसताना, चाप लावलेला नसताना, एकामागून एक उंदीर मेलेले सापडू लागले, तर तुमच्या मनात पहिला विचार येईल की बरे झाले, उरलेलेही मारून टाकू. हीच सर्वांत धोक्याची चूक.

१८९८ साली पॉल-लुई सिमाँ हा फ्रेंच डॉक्टर कराचीत प्लेगचा अभ्यास करत होता. त्याच्या लक्षात आले की नुकत्याच मेलेल्या उंदराला हात लावणाऱ्याला प्लेग होतो, पण मरून बराच वेळ झालेल्याला हात लावला तर सहसा होत नाही. असे का? त्याने प्लेगच्या घरातला पिसवांनी भरलेला आजारी उंदीर एका काचेच्या भांड्यात ठेवला. तो मरायला टेकला तेव्हा शेजारी जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर सोडला. दोघांचा एकमेकांना स्पर्श होणे शक्य नव्हते, पिसवा मात्र जाळीतून जाऊ शकत होत्या. काही दिवसांत निरोगी उंदीर प्लेगने मेला. उंदीर मरून अंग थंड झाले की पिसवा दुसरे ऊबदार अंग शोधायला निघतात, हे कोडे त्या पिंजऱ्याने सोडवले. तेव्हाच्या अनेक तज्ज्ञांनी त्याला हसण्यावारी नेले. ते मान्य व्हायला पुढची काही वर्षे गेली.

यातून निघालेला नियम आजही तोच आहे. आधी पिसवा, मग उंदीर. उंदीर पडत असताना तुम्ही पिंजरे, चाप आणि विष घेऊन तुटून पडलात, तर शेकडो पिसवांना एकदम बेघर करता आणि जवळचे ऊबदार अंग तुमचे असते. अशा वेळी मेलेल्या उंदराला हात लावू नये. त्या जागी पोरांना, कुत्र्या-मांजरांना जाऊ देऊ नये. आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला लगेच कळवावे. आरोग्य खात्याची माणसे बिळांच्या तोंडाशी आणि उंदरांच्या वाटांवर पिसवांसाठी कीटकनाशक भुकटी मारतात आणि त्यानंतरच उंदरांकडे वळतात. आणि अशा दिवसांत कुणाला एकाएकी जोराचा ताप, जांघेत किंवा काखेत दुखरी गाठ आली, तर दुखण्यावर लेप लावत बसू नये. प्लेगवर साधी, जुनी, स्वस्त प्रतिजैविके चालतात, पण ती वेळेवर मिळावी लागतात. १९९४ नंतरही हिमाचलात २००२ साली आणि उत्तराखंडात २००४ साली प्लेगचे छोटे उद्रेक झालेच. तेही डोंगरातल्या लहान गावांत.

पिंजऱ्याचा एक उपयोग आपल्याला सहसा माहीत नसतो. प्लेगवर लक्ष ठेवणारी पथके उंदीर जिवंत पकडतात ते मोजण्यासाठी. पकडलेल्या उंदरांच्या अंगावरच्या पिसवा विंचरून मोजल्या जातात. एका उंदरामागे सरासरी एकपेक्षा जास्त पिसवा निघाल्या की धोक्याची खूण समजली जाते. मुंबईत महापालिकेचे कर्मचारी रात्री काठी आणि बॅटरी घेऊन उंदीर मारतात, ते आपण वर्तमानपत्रात वाचतो. त्यामागेही प्लेगच्या काळापासूनची हीच धास्ती आहे.

सापडलेल्या उंदराचे काय करायचे

या प्रश्नाला बहुतेक लेख बगल देतात. गावात पिंजरा ओढ्याकाठी नेऊन उघडतात, किंवा सरळ पाण्याच्या बादलीत बुडवतात. ओढ्याकाठी सोडलेला उंदीर दुसऱ्या कुणाच्या घरात जातो किंवा परत येतो. तुमचा प्रश्न शेजाऱ्याला दिला एवढेच. बुडवून मारताना तो जीव काही मिनिटे तडफडतो. मारायचेच असेल तर झटक्यात मारणारा मजबूत चाप पिंजऱ्यापेक्षा बरा, हे ऐकायला कठोर वाटले तरी खरे आहे. मात्र लहान मुले आणि मांजर जिथे फिरतात तिथे चाप उघडा ठेवू नये, खोक्याखाली ठेवावा.

गोंदाच्या पट्ट्या घेऊ नका. त्यावर चिकटलेला उंदीर तासन्‌तास जिवंत राहतो, भीतीने लघवी करतो, स्वतःचे पाय कुरतडतो. सरडे, पाली, चिमण्याही चिकटतात. भारतीय प्राणी कल्याण मंडळाने या पट्ट्यांविरुद्ध राज्यांना सूचना दिलेल्या आहेत.

पिंजरा आणि मेलेला उंदीर हाताळताना हातमोजे, नाहीतर हाताला प्लास्टिकची पिशवी. उंदीर खोल पुरावा, उकिरड्यावर फेकू नये. पिंजरा उकळत्या पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवावा. विषाबद्दल एवढेच की उंदराला एकदा विषाने नुसते आजारी पाडले की तो त्या चवीला पुन्हा तोंड लावत नाही, आणि विष खाऊन मेलेला उंदीर खाणारे घुबड, मांजर, धामणही मरते. शेतात मोठे नुकसान होत असेल आणि विष वापरायचेच असेल, तर कृषी सहायकाला विचारून, ठरलेल्या दिवशी, सगळ्या शिवारात एकदम.

गव्हाणी घुबडाला आपल्याकडे अपशकुनी म्हणतात. त्याच्या पिल्लांना रात्रभर उंदीरच लागतात. विहिरीच्या कपारीत, पडक्या वाड्यात त्याचे घरटे असेल तर दगड मारू नये. रब्बीत शेतात ठिकठिकाणी टी आकाराच्या काठ्या रोवल्या तर त्याला बसायला जागा होते आणि ते काम फुकटात करते. धामणीचेही तसेच. विषारी समजून तिला मारणारे कमी नाहीत.

एक शेवटची व्यवहाराची गोष्ट. एका वहीत तारीख, किती पिंजरे लावले आणि किती उंदीर सापडले, एवढेच लिहून ठेवावे. वीस पिंजऱ्यांत दहा सापडले तर पन्नास टक्के, दोन सापडले तर दहा. दोन-तीन वर्षे हे लिहिले की तुमच्या गल्लीत उंदीर कोणत्या पंधरवड्यात वाढतात ते वही सांगते, आणि पिंजरे त्याच्या महिनाभर आधी माळ्यावरून काढता येतात. वहीत आणखी एक रकाना ठेवावा: पिंजऱ्याविना, विषाविना मेलेले उंदीर. त्या रकान्यात एका आठवड्यात दोन-तीन आकडे आले, तर वही बाजूला ठेवून आरोग्य केंद्राला फोन करावा.